उष्टं मत चालत नाही

शरयूताईंच्या पर्समध्ये कायम कागदाच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा असे. घरात येणारी बँकेची, विजेची, दातांच्या डॉक्टरची पाकिटं त्या फेकून देत नसत. ती चारी बाजूंनी उसवायची, आतल्या कोऱ्या बाजूच्या चार-चार बोटं रुंद पट्ट्या कापायच्या आणि रबर लावून ठेवायच्या. माझी त्यांची ओळख अशाच एका पट्टीने झाली. कॅनडातल्या व्हिटबीत येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. लायब्ररीत मराठी बायका महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी जमतात, एक पुस्तक वाचून त्यावर बोलतात, असं कोणीतरी सांगितलं म्हणून गेले. टेबलाच्या टोकाला पांढऱ्या केसांच्या, लोकरी टोपी घातलेल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पुस्तक कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान होतं."

"छान?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाजी आहे का ती? काय बोलून राहिली तू? हे घे." आणि एक पट्टी व बोटभर पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. एवढी नोकरी करणारी, दहा जणांची टीम सांभाळणारी मी, पाचवीतल्या मुलीसारखी मान खाली घालून लिहायला लागले.

त्यांचा नियमच तसा होता. आधी लिहायचं, मग बोलायचं. प्रत्येकीने आपलं मत पट्टीवर उतरवायचं, नाव न घालता घडी करून काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. मग शरयूताई एकेक चिठ्ठी काढून वर्गातल्या आवाजात वाचणार आणि सगळ्या वाचून झाल्यावरच भांडायला परवानगी. "दुसरीचं ऐकून बनवलेलं मत म्हणजे उष्टं मत," त्या म्हणायच्या. "उष्टं मत मला चालत नाही." बोलता बोलता कोणी पलटली आणि आपली चिठ्ठी परत मागू लागली, तर त्या डब्यावर हात ठेवायच्या. "मत खुशाल बदल. उद्या बदल, परवा बदल. चिठ्ठी बदलायची नाही. त्या वेळी खरं काय वाटलं होतं ते राहू दे कागदावर."

स्वतःची चिठ्ठीही त्या आमच्याबरोबरच लिहायच्या, पण ती डब्यात न जाता पुस्तकाच्या पानांत जायची आणि कधीच वाचली जायची नाही. आम्ही कितीदा आग्रह केला. "बाईंनी उत्तर सांगितलं की वर्ग डोकं चालवणं सोडतो," एवढंच म्हणायच्या. नागपूरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी हयातभर इंग्रजी शिकवलं होतं. चिठ्ठीवर नाव नसलं तरी अक्षर कोणाचं हे त्यांना एका नजरेत कळायचं. त्यांना कळतं हे आम्हालाही माहीत होतं, पण दोन्ही बाजूंनी न कळल्याचा बहाणा छान चालायचा.

यजमान गेल्यावर त्या मुलाकडे, परागकडे आल्या त्या नातवाला सांभाळायला. ईशान तेव्हा सहा महिन्यांचा होता. मी भेटले तोवर तो आठ वर्षांचा होऊन हेडफोन घालून फिरत होता. "मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो," ताई सांगायच्या. "दोघांचंही दोघांना कळतं. आता याला गप्पा म्हणायचं का भाषांतर, ते तूच सांग." नातू मोठा झाला तशा त्या मोकळ्या झाल्या. बसचे मार्ग शिकल्या, बुटांना बर्फावर न घसरणारे काटे लावून घेतले आणि लायब्ररीत जाऊन खोली मागून आल्या. एकदा मला म्हणाल्या, "वैशाली, तिथल्या काउंटरवरची पोरगी मला 'शरयू' म्हणून हाक मारते. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं कधी नावानं हाक मारली नाही. मला आवडून राहिलं बघ हे गाव."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या आईचा पुण्यात खुबा मोडला, तेव्हा मला रजा मिळेना. शरयूताई रोज दुपारी यायच्या, गोळाभात नाहीतर वरणफळं घेऊन. मी फोनवर आईपुढे रडले हे कळल्यावर त्या रागावल्या. "रडायचं तर माझ्यापुढे रड. फोनवर रडू नको. तिला तिकडून उठून येता येत नाही." पुढे भावाने आईचं घर बंद करून तिला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. आई ऐकेना. तिची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण ती माझं ऐकते. तीन रविवार मी फोनवर तिला समजावत होते. चौथ्या रविवारी ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"बद्दल मी शरयूताईंना काही सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

शरयूताईंच्या शेजारी मोरॅग नावाची ऐंशीच्या पुढची बाई राहते. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरून लग्न होऊन ती इकडे आली, त्याला साठ वर्षं होत आली. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता दोघींची मैत्री जमली. ताईंचं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं, मोरॅगचं बेटावरचं. एकीचं बोलणं दुसरीला अर्धंच कळायचं, पण एक "आय" म्हणे, दुसरी "हौ" म्हणे, दोन्हींचा अर्थ "हो"च, आणि चहा होई. गेल्या वर्षी मार्चमध्ये मोरॅगने ताईंना एक पुस्तक दिलं. स्कॉटलंडमधल्या पंधरा-सोळा लेखिकांच्या लघुकथा. ताईंनी लायब्ररीतून आणखी प्रती मागवून घेतल्या आणि फर्मान काढलं, की पुढच्या शनिवारी हेच.

त्या पुस्तकाने आमच्यात जी फूट पाडली ती विचारू नका. व्हॉट्सॲपवर आठवडाभर आधीच धुमश्चक्री सुरू झाली. रश्मीचा संताप एकाच गोष्टीवर होता. "एकाही स्टोरीला एंड नाही! बाई खिडकीपाशी उभी राहते, संपलं. बाई बस पकडते, संपलं. मी वीकेंड फुकट घालवला." अनघाला नेमकं तेच आवडलं होतं. लोकरीच्या दुकानातल्या, एकमेकींशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोन बहिणींची कथा वाचून ती म्हणाली, "ही आमच्या चिंचवडचीच स्टोरी आहे, फक्त पाऊस जास्त." एकीला मासे साफ करणाऱ्या बायकांची कथा वाचवेना, दुसरीने तीच तीनदा वाचली. "यांच्या बायका इतक्या गप्प का असतात?" असा तिसरीचा प्रश्न. शरयूताई खूश होत्या. भांडण झालं की पुस्तक चांगलं, हे त्यांचं जुनं गणित.

शनिवारी नेहमीप्रमाणे मी त्यांना गाडीतून न्यायला गेले. बर्फ वितळून रस्त्याकडेला काळा चिखल झाला होता. त्या पुस्तक मांडीवर धरून बसल्या होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "तुझं बेसमेंट कोणी भाड्यानं घेतलं का ग?"

"दोन मुली बघून गेल्यात, नाशिकच्या. कॉलेजला आहेत. या आठवड्यात फायनल करेन."

"अच्छा."

"का हो? कोणी आहे का ओळखीचं?"

"नाही ना बाई. असंच विचारलं. मुली बऱ्या. सोबत होते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पायऱ्या किती आहेत खाली जायला?"

"बारा-तेरा असतील," मी म्हटलं आणि सिग्नल हिरवा झाला.

त्या दिवशी त्यांनी सगळ्या पुस्तकावर मत मागितलंच नाही. एकाच कथेवर मागितलं. कथा साधी. बेटावर एकटी राहणारी म्हातारी आई. मुलगी शहरातून तिला घेऊन जायला आली आहे. शहरात तिच्यासाठी एका वृद्धाश्रमात खोली बघितली आहे, बॅग भरली आहे, दुपारची बोट आहे. तिकडे शेगडीत पीट जाळतात, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. आई निखाऱ्यांवर नीट राख ओढते, कोट चढवते आणि येऊन मुलीसमोर बसते. दोघी कोट घालून बसल्या आहेत. बाहेर बोटीचा भोंगा वाजतो. इथे कथा संपते.

"ती गेली की नाही ते लेखिकेनं सांगितलं नाही," शरयूताई म्हणाल्या. "तुम्ही सांगा. तिनं जावं का? अन् खरं लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका."

हे शेवटचं वाक्य त्या कधी म्हणत नसत. आमच्यापैकी एकीच्याही ते लक्षात आलं नाही.

आम्ही सहा जणी लिहीत होतो, सातव्या त्या. त्यांनी आपली चिठ्ठी पुस्तकात ठेवली आणि डबा उघडला. पहिली चिठ्ठी म्हणाली, जावं. दुसरी म्हणाली, जावं, तिथे निदान डॉक्टर असेल. तिसरी रश्मीची असणार, कारण तिच्यात पुरावा होता. "तिने शेगडीसुद्धा विझवली आहे. म्हणजे तिच्या मनाची तयारी झाली आहे. मुलीने उगाच गिल्टी वाटून घेऊ नये." चौथी, पाचवी, तेच. एका पुस्तकावर आठवडाभर एकमेकींचे गळे धरणाऱ्या आम्ही या एका कथेवर पहिल्यांदाच एकमताने बोललो. शेवटी माझी निघाली. शरयूताईंनी ती बाकीच्यांसारखीच स्पष्ट वाचली. "आईने जावं. हट्ट म्हणजे प्रेम नव्हे. मुलीलाही तिचं आयुष्य आहे. ते समजून घेऊन आईने हसतमुखाने निघावं, यातच तिची शोभा आहे."

"अरे वा, एकमत झालं की," अनघा म्हणाली. "ताई, आज भांडायला काहीच नाही!"

"हौ," शरयूताई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. "आज लवकर सुटी."

आता कळतं की एकमत का झालं. आम्ही सहाही जणींनी पुण्याला, मुंबईला, नाहीतर नागपूरला कुणीतरी मागे ठेवलं होतं. आम्ही त्या बेटावरच्या आईबद्दल लिहीतच नव्हतो. त्या मुलीला निर्दोष सोडत होतो, म्हणजे स्वतःला. मी तर माझ्या तीन रविवारांतून सुटका करून घेत होते.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेले तर दिवाणखान्यात खोकी. परागला पार पश्चिमेकडे, सस्काटूनला, खाणीच्या कंपनीत मोठी नोकरी लागली होती. पराग वाईट मुलगा नाही, हे लिहायलाच हवं. तिकडची थंडी, तिकडचं तीन मजली घर, आईचे गुडघे, ओळखीचं कोणी नाही, असा सगळा विचार करून त्याने नागपुरात ज्येष्ठांसाठी नवीन बांधलेली एक संस्था बघितली होती. लिफ्ट, बाग, चोवीस तास नर्स. मला त्याने फोनवर फोटो दाखवले. "आईला विचारलं होतं मी, मार्चमध्येच. ती म्हणाली, थोडे दिवस दे, विचार करून सांगते. मग एका शनिवारी लायब्ररीतून आली आणि म्हणाली, जाते."

कोणत्या शनिवारी हे मला विचारावं लागलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. त्या डबे पुसत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही कुठेही जायचं नाही. बेसमेंट तुम्ही घ्या. त्या मुलींना मी दुसरीकडे जागा बघून देते."

"त्या आल्या ना राहायला?"

"आल्या. पण मी सांगेन त्यांना."

"परदेशात आलेल्या पोरींना घराबाहेर काढशील माझ्यापायी? का बरं?"

"मग वर राहा. आमच्याबरोबर. ताई, मी ते एका गोष्टीबद्दल लिहिलं होतं हो! मला काय माहीत?"

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "माहीत नव्हतं म्हणूनच तर खरं लिहिलं तू. आता मायेनं बोलून राहिली आहेस. मायेनं बोललेलं ऐकून मी काय करू? मला खरं हवं होतं, ते मिळालं."

"माझं मत बदललंय, ताई."

"बदल ना. मी कुठं नाही म्हणते?" त्या हसल्या. "चिठ्ठी बदलत नाही."

मी परागशी बोलले, माझ्या नवऱ्याला त्याच्याशी बोलायला लावलं. पराग म्हणाला, आईचाच निर्णय आहे, आणि आता तिकडे खोलीही ठरली. रश्मी, अनघा सगळ्या रडल्या. सहा शिकल्यासवरल्या बायका, आणि आम्हाला आमची सहा वाक्यं मागे घेता आली नाहीत.

विमानतळावर मी गेले होते. त्यांनी पांढऱ्या पातळावर तीच लोकरी टोपी घातली होती. ईशान त्यांना घट्ट बिलगला आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, त्यावर त्या मराठीत काहीतरी बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नीट बघ," म्हणाल्या. "हसतमुखानं निघते आहे ना?" त्यांनी ते टोचायला म्हटलं नव्हतं. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे सगळं केलं आहे का, एवढंच त्या तपासून घेत होत्या. मी मान हलवली. परत गाडीत बसले तेव्हा पार्किंगमधून बाहेर पडायला मला अर्धा तास लागला.

आमचा गट आठवड्याभरात बंद पडला असं नाही, दोन महिने चालला. चिठ्ठ्या लिहायचं मात्र कोणी नाव काढलं नाही. मग कोणाला वेळ होईना.

या जानेवारीत, एका सकाळी, मोरॅग माझ्या दारात उभी. काठी टेकत, बर्फातून चालत आली होती. निघताना परागने तिचं पुस्तक परत दिलं होतं. ते तिने आता कुठे वाचायला काढलं, तर आत एक कागद निघाला. "तुमच्या लिपीत आहे," ती म्हणाली. "महत्त्वाचं असेल तर शरयूला पाठवायला हवं." मी तिला आत बसवलं, चहा ठेवला. पट्टी विजेच्या बिलाच्या पाकिटाची होती. मी ती लगेच उघडली नाही. आधी विचारलं, "ती बेटावरच्या आईची कथा आहे ना, त्यात ती शेवटी जाते असं तुम्हाला वाटतं का?"

मोरॅग माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी सूर्य कुठे उगवतो असं विचारलं होतं. "जाईल कशी? तिने विस्तव झाकला ना. जायचं असलं की आम्ही तो विझू देतो. सकाळी पुन्हा पेटवायचा असेल, तरच त्याच्यावर राख ओढून ठेवायची. माझी आई रोज झोपताना ओढायची." आणि हाताने तिने हवेत राख सारखी केली. "हे कथेत लिहिलंच आहे की."

लिहिलंच होतं. आम्ही सगळ्या गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या. विस्तव झाकला म्हणजे विझवला, एवढीच आमची समज. मी चिठ्ठी उघडली. ताईंचं ठसठशीत, फळ्यावरचं अक्षर.

"निखाऱ्यांवर राख ओढली आहे. आमच्या आजोळी अशीच ओढायचे, सकाळच्या चुलीसाठी. हिला राहायचं आहे. तोंडाने म्हणणार नाही."

मोरॅगने विचारलं, काय लिहिलंय? मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती बराच वेळ "आय, आय" म्हणत राहिली आणि तिचा चहा गार झाला.

ती गेल्यावर मी नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. शरयूताईंचा आवाज स्वच्छ होता. बरी आहे, गुडघे बरे आहेत, बाग चांगली आहे, इथल्या वाचनालयात नुसती धार्मिक पुस्तकं आहेत. मी म्हटलं, "ताई, तुमची चिठ्ठी सापडली. मोरॅगच्या पुस्तकात."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मोरॅग म्हणाली, ती आई जात नाही. राहते."

"म्हणाली का?" त्यांचा आवाज एकदम वर्गातल्यासारखा झाला, खुशीतला. "म्हणजे सात जणींत एकीचं तरी उत्तर बरोबर आलं."

मला रडू फुटलं. फोनवर रडायचं नाही हे त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मी तोंडावर हात दाबून धरला. त्यांना ते कळलं असावं. "बरं, ठेवते ग," त्या म्हणाल्या. "जेवणाची घंटा झाली. उशीर केला की यांना चालत नाही."